आपल्या बंधूंची हर्डीगर्डी

मुक्काम चिंचवड,
दसऱ्यानंतरचा सोमवार, सन १९५८

तीर्थरूप वन्संना,
सुभद्रेचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. गुडघ्यांचं वाचून जिवाला लागलं. निर्गुडीचा पाला बांधत असाल तर गरम करून बांधा, गार पाल्यानं फक्त लुगडं ओलं होतं. इकडं सगळं ठीक आहे. मुलांचा खोकला गेला, चाळीच्या नळाला पाणी येतं, आणि आपले बंधूही सुखरूप आहेत. दोन्ही वेळा जेवतात, शिफ्टला जातात आणि उरलेल्या वेळात थोर होतात. आपण याही खेपेला लिहिलंत की "ज्योतीराम लहानपणापासून कलावंत, बार्शीच्या भजनात पेटीवर त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता, बायकोनं त्याला साथ द्यावी." (आपण लिहिलेलं नाव मी इथं नुसतं उतरवून घेतलं, तोंडानं घेतलं नाही.) ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. साथ मी कशी दिली आणि ती कुठवर गेली, हे आपल्या कानांवर घालणं माझं कर्तव्य आहे. बाहेरून काही कळलं तर आपल्याला वाईट वाटेल.

झालं असं की गेल्या पौषात कंपनीत यंत्रं बसवायला आलेला फ्रान्सचा साहेब परत निघाला. त्याच्याजवळ एक वाद्य होतं, त्याची मूठ मोडली होती. आपल्या बंधूंनी ती लेथवर नवी करून दिली. साहेबाला इतका आनंद झाला की त्यानं ते वाद्यच यांच्या गळ्यात घातलं. (इतका आनंद झाल्यावर माणूस वस्तू जवळ ठेवतो, की देऊन टाकून पहिली गाडी पकडतो, याचा विचार मी त्याच दिवशी करायला हवा होता.) वाद्य कसं, तर सारंगीचं आणि शेवयांच्या यंत्राचं लग्न लावलं तर जे होईल तसं. एका टोकाला मूठ, ती फिरवली की आत लाकडी चाक फिरतं, चाक तारांना घासतं आणि आवाज निघतो. दुसऱ्या अंगाला लाकडाच्या पट्ट्या, त्या दाबल्या की सूर बदलतात. आणि सूर कुठलाही दाबा, खाली एक तार सारखी गुणगुणत राहते, ती चाक थांबेपर्यंत थांबत नाही. चाकाला राळ लावावी लागते आणि तारांना कापूस गुंडाळावा लागतो. राळ यांनी सोनाराकडून आणली. कापूस माझ्या वातींचा गेला. देवापुढं तेव्हापासून उदबत्ती लावते.

त्याचं नाव हर्डीगर्डी. हे नाव यांनी चाळीत मोठ्यानं सांगितलं आणि संध्याकाळी माझ्याकडं हर्डीगर्डी आहे, सगळ्यांनी यावं, असं आमंत्रणही दिलं. दिवस पौषाचे. शेजारच्या शालनबाईंनी ऐकलं हुरडा. त्या लसणाची चटणी, गूळ आणि दह्याचं गाडगं घेऊन आल्या, त्यांच्यामागं अख्खी चाळ आली, कुणी खोबरं आणलं, कुणी मिरच्या. सगळे वाटीत चटणी घेऊन बसले आणि यांनी मूठ फिरवायला सुरुवात केली. वन्सं, मी लग्नाला बारा वर्षं झाली तरी माणसांची तोंडं अशी उतरलेली पाहिली नव्हती. शालनबाई बिचाऱ्या शेवटपर्यंत कणसं कधी येतात म्हणून चुलीकडं बघत होत्या. जाताना त्यांनी चटणी नेली, पण तेव्हापासून त्या माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आपल्या बंधूंचं म्हणणं असं पडलं की या वाद्यावर दुसऱ्याची गाणी वाजवणं म्हणजे वाद्याचा अपमान. ज्या वाद्यावर या मुलखात कुणी काही केलेलं नाही, त्यावर आपण स्वतःच्या रचना करायच्या. मग रचना सुरू झाल्या. एकीचं नाव 'तिसऱ्या पाळीची भैरवी', एकीचं 'लोखंडाची आसावरी', आणि सगळ्यांत लांबीचं एक काम होतं ते 'पिंपरी-प्रभात'. सगळ्या रचनांची सुरुवात एकच होती आणि शेवट एकीलाही नव्हता, कारण शेवट करायचा तर मूठ थांबवावी लागते, आणि थांबवली की लोक उठून जातात. रचना करताना हे येरझाऱ्या घालत. आमच्या खोलीत येरझाऱ्या म्हणजे मोरीपासून कॉटपर्यंत. तेवढ्यात मी भाकरी थापत असेन तर माझ्यामुळं सूर पळतो. मुलगा पाढे म्हणत असेल तर त्याच्यामुळं ताल पळतो. कंपनीत हे लोखंडाचा तुकडा केसाइतका जास्त कापला गेला तर जेवत नाहीत, आणि घरी आल्यावर म्हणत, कलेला माप नसतं.

आता साथीचं. एका हातानं मूठ आणि एका हातानं पट्ट्या हे यांना जमेना. पट्टीकडं लक्ष गेलं की चाक थांबे, चाकाकडं गेलं की पट्टी चुके. तेव्हा आपल्या त्या वेळच्या पत्रातलंही तेच वाक्य मला वाचून दाखवण्यात आलं आणि मूठ माझ्याकडं आली. रोज संध्याकाळी, शिफ्ट कुठली त्याप्रमाणं, मी समोर बसून चाक फिरवायचं, यांनी दोन्ही हातांनी पट्ट्या दाबायच्या. "हळू." "आता जोरात." "आता हळू, पण आतून जोरात." (आतून जोरात म्हणजे कसं, ते मला अजून कळलेलं नाही. आपण लहानपणापासून ओळखता, आपल्याला माहीत असेल.) मला भावना नाहीत, हेही याच काळात ठरलं. मी वाद घातला नाही. खांदा दुखायचा, पण तसंही हात गुंतला की डोकं मोकळं राहतं, आणि मोकळ्या डोक्यात काहीतरी घोळत राहतं.

चैत्र लागला आणि सयाजी नावाचा माणूस उगवला. पुण्यात नवीनच निघालेल्या एका रेकॉर्ड कंपनीचा, तोंडात पान, अंगात रेशमी सदरा, आणि ज्याच्याशी बोलेल त्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. तो आमच्या चाळीत एक भजनीबुवा शोधत आला होता. बुवा गावाला गेलेले. परत जाताना आमच्या दारात त्याचे पाय थांबले. त्याचं म्हणणं, बाजारात पेटी झाली, बासरी झाली, सनई झाली, लोकांना आता ऐकलं नाही असं काहीतरी हवं. तुमच्या रचनांची तबकडी काढू, दोन बाजू, एकेक बाजू तीन मिनिटांची, फक्त शांत जागा तुम्ही शोधा. एवढं बोलून तो गेला. आपल्या बंधूंनी दुसऱ्या दिवशी फोरमन दत्तोबांच्या हातात राजीनामा ठेवला.

हे मी आपल्याला त्या वेळी कळवलं नाही, आपल्या गुडघ्यांकडं बघून. खोली कंपनीची आहे. नोकरी गेली की खोली जाते, आणि तबकडीत आजवर कुणी संसार मांडलेला नाही. दत्तोबा शहाणा माणूस. त्यांनी कागद वाचला, घडी करून टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाले, आधी तबकडी येऊ दे, मग साहेबांकडं पाठवतो. यांना वाटलं, दत्तोबा रडू आवरताहेत.

मग शांत जागेचा शोध. सयाजी यंत्र घेऊन आला, बॅटरीवर चालणारं, पेटीएवढं, वर दोन चकत्या गरगर फिरणाऱ्या. आमच्या खोलीत लावलं तर पहिल्यांदा कंपनीचा भोंगा झाला, मग लोणावळ्याची गाडी गेली, मग शालनबाईंनी खलबत्ता घेतला. देहूरोडला यांच्या ओळखीच्या माणसाकडं गेलो तर तिथं लष्कराचा गोळीबाराचा सराव चाललेला. 'लोखंडाची आसावरी' त्यात बरी वाटत होती असं माझं मत, पण विचारलं कुणी नाही. निगडीत एका माळावर गेलो तर मुंबईच्या रस्त्यानं ट्रक चढ चढताना असे कण्हायचे की वाद्य कुठलं आणि ट्रक कुठला, ते सयाजीलाही कळेना. आपण लोक आवाजाकडं दुर्लक्ष करतो, माझ्या यंत्राला ते करता येत नाही, असं तो म्हणाला. बिचारं यंत्र. त्याचं लग्न झालेलं नसणार.

शेवटी आमचा दूधवाला गेनबा मदतीला आला. तो पुनावळ्याचा. पवनेचं पाणी चैत्रात घोट्याएवढंच, बैलगाडी सरळ पात्रातून नेली. त्याची कडब्याची एक खोली होती, तिच्यात आवाज घुमत नाही म्हणून सयाजी खूश झाला. कडब्यात आम्ही वाद्य मांडलं. मूठ फिरवली मात्र, शेजारच्या गोठ्यातून म्हशीनं उत्तर दिलं. खालच्या तारेचा आणि तिचा सूर एकच लागला. गेनबा म्हणाला, तिला रेडकू वाटतंय. मग म्हशीला नदीवर पाठवलं, आणि 'पिंपरी-प्रभात' सुरू झाली.

तीन मिनिटं झाली तेव्हा आपले बंधू नुसते डोळे मिटून पहिल्या सुरावर होते. सयाजीनं हात वर केला, खाली केला, शेवटी यंत्र बंद केलं. यांचं चालूच. प्रभात व्हायला वेळ लागतो, असं यांचं म्हणणं पडलं. सयाजीनं तबकडीची बाजू तीनच मिनिटांची, हे बोटांनी दाखवलं. यांनी सांगितलं, कला म्हणजे नळ नव्हे, इंचावर कापायला. त्यावर त्या दोघांत जे झालं ते मी लिहीत नाही, एकमेकांच्या घराण्यांपर्यंत गेलं होतं. आपल्या घराण्याचा उल्लेख आला तेव्हा मी खोकले. गेनबा दारात उकिडवा बसून सगळं ऐकत होता. त्यानं फार अदबीनं विचारलं, "पावनं, सूर जुळवून झालं असंल तर गाणं कवा सुरू हुतंय?"

अखेर तडजोड अशी झाली की एका बाजूला 'पिंपरी-प्रभात' जिथं तुटेल तिथं तुटेल. ती बाजू पार पडली. दुसरी बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा यांना पहिल्यांदा त्या फिरणाऱ्या चकत्या दिसल्या. इतका वेळ डोळे मिटलेले होते. आता उघडले, आणि आपला प्रत्येक सूर तिथं कायमचा चिकटणार हे एकदम लक्षात आलं असावं. सयाजीनं बोट केलं, मी मूठ फिरवली, खालची तार गुणगुणायला लागली, आणि हे काही दाबेचनात. हात पट्ट्यांवर, बोटं जागच्या जागी. मी डोळ्यांनी खुणावलं. यांनीही डोळ्यांनीच सांगितलं, काही आठवत नाही. वन्सं, त्या क्षणी मला यांची दया आली, हे खोटं नाही. एवढा राजीनामा देऊन बसलेला माणूस. पण मूठ थांबवावी तर सयाजी परत पुण्याला जाणार, तबकडी अर्धी, आणि माणूस पूर्ण मोडणार.

मी यांचे हात बाजूला केले. (हलके होते. माणूस घाबरला की हात इतके हलके होतात हे मला माहीत नव्हतं.) उजवा माझा मुठीवर होताच, डावा पट्ट्यांवर ठेवला, आणि एवढे महिने समोर बसून जे डोक्यात घोळत होतं ते वाजवलं. ते काय होतं, असं विचाराल तर त्याला नाव नाही. घरी दळण टाकायचं राहिलंय, धाकट्याचा सदरा उसवलाय, संध्याकाळी काय करावं, असल्या विचारांबरोबर जी चाल येते तीच. कुठं हळू, कुठं जोरात. आतून जोरात कुठंही नाही. तीन मिनिटं होत आली असं वाटलं तेव्हा मी ती संपवली, कारण दूध उतू जायच्या आत खाली घ्यायची मला सवय आहे.

सयाजीनं यंत्र बंद केलं आणि पान थुंकायला बाहेर गेला, तो बराच वेळ आलाच नाही. दारात गेनबाची बायको ठकुबाई शेणाची पाटी कमरेवर घेऊन उभी होती, केव्हा आली कुणास ठाऊक. ती मला म्हणाली, "म्होरं?"

मी म्हटलं, एवढंच आहे.

"न्हाई," ती म्हणाली. "म्होरं हाय. अजून काडलं न्हाईस तू."

परतताना गाडी पात्रातून जात असताना हे पाण्याकडं बघत बसले होते. मग विचारलं, "ती चाल तू कधी केलीस?"

"तुम्ही हळू, हळू म्हणत होतात तेव्हा," मी म्हटलं.

मला वाटलं, आता घरी गेल्यावर काहीतरी म्हणतील. घरी गेल्यावर म्हणाले की सयाजीला चालीचं नाव हवं होतं, मी 'विरहिणी' सांगितलंय. वन्सं, विरह मला त्या दिवशी फक्त पिठाच्या डब्याचा होता. पण नाव तेच छापलं गेलं. श्रावणात तबकडी आली, तिच्यावर गोल अक्षरांत 'संगीत व वादन : ज्योतीराम बारबोले, चिंचवड'. मी सयाजीला विचारलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि परत घेतला, आणि समजावलं की बाईचं नाव घातलं की दुकानदार तबकडी वेगळ्या कप्प्यात ठेवतात. कुठल्या कप्प्यात ते त्यानं सांगितलं नाही.

तबकडी चालली. स्टेशनजवळच्या हॉटेलात फोनो आहे, तिथं शिफ्ट सुटली की 'विरहिणी' लागते आणि लोक चहा गार करून ऐकतात. 'पिंपरी-प्रभात' पण लागते. हॉटेल बंद करायची वेळ झाली आणि गिऱ्हाईक उठेना झालं की मालक ती बाजू लावतो. भाद्रपदात कंपनीच्या गणपतीत आपल्या बंधूंचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. यांनी भाषण केलं. निर्मितीच्या वेदना काय असतात, रात्र रात्र कशी जाते, सूर कसा रक्तातून काढावा लागतो, असं बरंच बोलले. दोन बाळंतपणं झाली माझी, पण एवढ्या वेदनांबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं. बायका माझ्याकडं वळून बघत होत्या, असल्या माणसाच्या घरात ही कशी राहत असेल म्हणून.

आणि मग कुणीतरी म्हणालं, ज्योतीराम, 'विरहिणी' होऊन जाऊ द्या. यांनी गळा धरला आणि म्हणाले, आज आवाज बसलाय. (वाद्य हातानं वाजतं, हे सुदैवानं कुणाच्या ध्यानात आलं नाही.) तेव्हापासून ती चाल हे रोज माझ्याकडून शिकताहेत. मी पट्ट्या दाखवते, हे मान हलवतात, आणि मी शिकवते ती चूक आहे असं सांगतात. मूळ रचना अशी नव्हतीच, म्हणतात.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बार्शीची ज्वारी यंदा कशी आहे ते कळवावं.

आपली आज्ञाधारक,
सौ. सुभद्रा

ता. क. – सयाजी परवा पुन्हा आला होता, हे शिफ्टला असताना. त्याला आणखी चार बाजू हव्यात, सगळ्या 'विरहिणी'सारख्या. मी सांगितलं, होतील. ठकुबाई म्हणाली ते खरं होतं, पुढं पुष्कळ आहे. पण तबकडीवर नाव माझं, कप्पा कुठलाही असो. नाहीतर तुमची कंपनी आणि तुमचे ज्योतीरामराव, दोघांनी मिळून प्रभात काढावी. (घेतलं नाव. एकदा काय झालं ते झालं.) तो बाहेर जाऊन पान थुंकून आला आणि हो म्हणाला. दिवाळीनंतर मला आठवडाभर पुण्यात राहावं लागेल. म्हणून विनंती अशी की तेवढ्या दिवसांत आपण इथं यावं, मुलांचं आणि आपल्या बंधूंचं बघावं. त्यांना अजून यातलं काही ठाऊक नाही. आपण मोठ्या, आपलं ते ऐकतात. साथ कशी द्यायची तेही आपण त्यांना समजावून सांगाल.

ता. क. दुसरा – सत्कारापासून हे दत्तोबांच्या मागं लागलेत की खणातला कागद आता साहेबांकडं पाठवा. दत्तोबांनी मला शनिवारपर्यंतची मुदत दिलीय. ते म्हणाले, वहिनी, त्यापुढं मी तरी किती दिवस किल्ली हरवली म्हणून सांगू.

ता. क. तिसरा – हे पत्र टाकायला मी यांच्याकडंच देणार आहे. आपल्याला लिहिलेली माझी सगळी पत्रं हे स्टेशनसमोरच्या बाकावर बसून आधी वाचतात, मग चिकटवतात. मला हे पहिल्या दिवाळीपासून माहीत आहे. तेव्हा वन्सं, रागावू नये, पुढच्या ओळी आपल्यासाठी नाहीत.

अहो, वाचून झालं असेल तर आधी दत्तोबांकडं जा आणि तो कागद परत घ्या. आठवडाभर मुलांना डबा करून द्यायचं कबूल असेल तर घरी आल्यावर नुसतं "बरं" म्हणा, मी अधिक काही विचारणार नाही. मग हे पत्र पेटीत टाकलं नाहीत तरी चालेल.